अकरा हजाराचा सेंट आणि बाटलीला आटेच नाहीत

गेल्या आठवड्यात बेळगावच्या उद्यमबागेत, आमच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत मी एका सेंटच्या बाटलीचं टोपण व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरलं आणि हॅक्सॉनं मधोमध कापलं. शॉपमधली पोरं डबे हातात घेऊन बघत उभी. एकजण म्हणाला, सर डोकं फिरलं काय ओ, एवढं भारी टोपण. म्हटलं भारी हाय म्हणूनच कापलालोय, कशामुळं भारी हाय ते बघू की.

आधी मागचं सांगतो. मेहुणा दुबईला असतोय, दोन वर्षांमागं गणपतीला आला तेव्हा हा सेंट घेऊन आला, १०० मिली, तिकडच्या दिरहामचा हिशोब केला तर अकरा हजाराच्या आसपास बसला. मी स्वतःच्या खिशातनं एवढा महाग सेंट जन्मात घेतला नसता. कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर मेहुणा हे वाचणार आणि दुसरं म्हणजे मी जे सांगणार आहे ते एकट्या त्या कंपनीचं नाही, दुकानाच्या काचेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या बऱ्याच बाटल्यांचं तेच आहे.

वास उत्तम. यात काही बोलायचं नाही. सुरुवातीला संत्र्याची साल सोलल्यासारखा, मग वाळा, आणि शेवटी शर्टात राहतो तो थोडा धुपासारखा. सकाळी मारला तर संध्याकाळी घरी जाताना दुसऱ्या गेटाला रेल्वेसाठी अडकून पडलो तरी येत असतोय, आणि तिथं पुढच्या ट्रकचा धूर असतोय हे लक्षात घ्या. वासाला पैकीच्या पैकी.

आता बॉक्स. बाहेर पन्नी, आत सरकवायची पुठ्ठ्याची बाही, त्यात चुंबकाच्या झाकणाचा जाड बॉक्स, त्यात काळा फोम, फोमात बाटली, वर साटीनची रिबीन. आणि बाहीवर हिरवं पान छापलेलं, कागद जबाबदारीनं सांभाळलेल्या जंगलातला, बाटली रीफिल करता येते, निसर्ग वगैरे. मी कारखान्यात क्वालिटी तपासायच्या कामाला असल्यामुळं माझी एक वाईट सवय आहे, घरात काही आलं की आधी काट्यावर ठेवतो. बायको म्हणते तिचं मंगळसूत्र पण मी आधी वजन करून बघितलं होतं, ते खोटं आहे, नंतर केलं. तर आल्या दिवशी सगळं मिळून भरलं ५८७ ग्रॅम. सेंट संपल्यावर परत एकेक वजन केलं. बॉक्स, बाही, रिबीन १६८. फोम १४. रिकामी काच २३८. टोपण ७८. पंप आणि त्याची कॉलर (मानेवर बसणारी धातूची कडी) ६. म्हणजे उरला खरा माल ८३ ग्रॅम (१०० मिली सेंटचं वजन १०० ग्रॅम भरत नाही, त्यात बहुतेक अल्कोहोल असतंय आणि ते पाण्यापेक्षा हलकं). १०० ग्रॅममागं १४ ग्रॅम माल आणि ८६ ग्रॅम बारदान. खडेबाजारात कुणी आम्हाला एक किलो साखर सहा किलोच्या डब्यात घालून दिली असती तर आम्ही दुकानासमोर गर्दी जमवली असती.

पन्नीवरनं आठवलं. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत मिठाईचे बॉक्स, लग्नाच्या पत्रिका आणि सिगरेटची पाकिटं यांच्यावरची पन्नी नाव घेऊन लिहिलेली आहे. म्हणजे आमच्या कुंद्याच्या बॉक्सवर पन्नी चालत नाही. सेंटच्या बॉक्सचं नाव त्या यादीत नाही. कुंदा १०० टक्के संपतो आणि बॉक्स पण चाटून पुसून घेतला जातो, तरी.

असो, टोपण. कापल्यावर दिसलं ते असं, बाहेर काचेसारखं चकचकीत जाड प्लास्टिक, ते सुर्लिन म्हणतात त्या जातीचं वाटलं, या धंद्यात तेच जास्त चालतंय कारण काचेसारखं दिसतंय आणि पडलं तर फुटत नाही. आत पांढऱ्या प्लास्टिकची नळी, जी पंपावर टक्कन बसते. आणि दोघांच्या मध्ये, कुणाला दिसणार नाही अशी, लोखंडाची एक गोल चकती. ४१ ग्रॅम. चकती काहीच काम करत नाही. झाकत नाही, धरत नाही, गळती थांबवत नाही. तिचं काम एकच, तुम्ही दुकानात टोपण उचललं की हाताला जड लागलं पाहिजे. आमच्याकडं भाजीवाल्यानं तागडीच्या खाली चिंच चिकटवली तर त्याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

काही कंपन्या चकती न घालता अख्खं टोपणच झमाकचं करतात. झमाक म्हणजे जस्त, त्यात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं, चारी नावांची जर्मन पहिली अक्षरं जोडून ते नाव पडलं. हे आमच्या रोजच्या ओळखीचं, जस्ताचं डायकास्टिंग, ४०० डिग्रीच्या आसपास वितळतंय, साच्यात मस्त भरतंय, नक्षी बारीक येतेय. ते नुसतं असतं तर भंगारात सोनं. पण त्यावर प्लेटिंग, त्यावर लॅकर आणि आत परत प्लास्टिकची नळी दाबून बसवलेली. सुटं कोण करणार? मी कापलेल्या टोपणात तीन माल एकमेकात असे अडकलेले की ते सुटे करायला मला अर्धा तास आणि एक शिवी लागली.

पण टोपण ही खरी गोष्टच नाही. खरी गोष्ट मान.

मागच्या उन्हाळ्यात सेंट संपत आला. बाहीवर रीफिल लिहिलंय म्हटल्यावर कंपनीच्या साइटवर गेलो, १५० मिलीची रीफिल बाटली होती, आठ हजार नऊशे. अकरा हजारात १०० मिली आणि नऊ हजारात १५०, हिशोब पटला, घरात थोडी चर्चा झाली (चर्चा म्हणजे मी बोललो आणि बायको भांडी जोरात ठेवत होती), वाढदिवसाच्या नावावर मागवली. नऊ दिवसांनी आली, कारण सेंट हा पेटणारा माल, विमानानं पाठवायला नियम कडक, त्यामुळं रस्त्यानं येतोय, बॉक्सवर तो काळ्यापांढऱ्या चौकटीचा मार्क असतोय. इथपर्यंत मान्य. अल्कोहोल आहे, फुटलं तर पेटेल, थोडं जास्त पॅकिंग लागणारच, त्याला मी नाव ठेवत नाही. पण कुरिअरचा खोका मिक्सरच्या खोक्याएवढा आणि आत हवेच्या उशा, बाटली पार तळाला. पोरानं उशा फोडून घेतल्या तेवढाच फायदा.

रीफिलची बाटली मात्र मला मनापासून आवडली. साधी अ‍ॅल्युमिनियमची, रिकामी झाल्यावर ३१ ग्रॅम, वर आट्यांचं झाकण, सोबत एक छोटी तोटी. बाहेर २२ ग्रॅमचा साधा पुठ्ठा. बास. अ‍ॅल्युमिनियम परत वितळवायला नवीन बनवण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागतेय, आणि भंगारवाला ते हसत घेतोय. यांना करायला येत नाही असं नाही, हे त्या एका बाटलीवरनं कळतंय.

तर मी जुनी बाटली घेतली, पंपाची कॉलर फिरवली. फिरत नाही. रुमाल घेऊन फिरवली. नाही. मग चष्मा लावून बघितलं आणि लक्षात आलं, मानेला आटेच नाहीत. क्रिंप आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बाटलीच्या मानेला बाहेरनं एक कड असते, त्यावर पंपासकट अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी ठेवून मशीन चारी बाजूनं चेपतंय, की संपलं, ते परत निघत नाही. १५ मिलीमीटरची मान सगळ्यात जास्त चालतेय. क्रिंप करण्यात कंपनीचा फायदा आहे आणि थोडा आपला पण, अल्कोहोल उडत नाही, वाटेत गळत नाही, मधे कुणी भेसळ करू शकत नाही, आणि लाइनवर काम फटाफट होतंय. आट्यांच्या मानेला काचेचा साचा नीट पाहिजे, वॉशर पाहिजे, घट्ट किती करायचं ते सांभाळलं पाहिजे. मी रोज गो-नोगो गेजनं (आटे मापात आहेत की नाहीत ते दाखवणारं हत्यार) आटे तपासतो, त्यातली कटकट मला कुणी सांगायची गरज नाही. पण बाटलीवर रीफिल लिहायचं आणि मान चेपून बंद करायची, हे म्हणजे दाराला कुलूप लावून पायपुसण्यावर सुस्वागतम.

कस्टमर केअरला चॅट केलं. आधी तीन वेळा माझी गैरसोय झाल्याबद्दल त्यांना खेद झाला, मग कळलं की तुमची बाटली आधीच्या आवृत्तीची, रीफिल होणारी नवीन आवृत्ती दिसायला तशीच पण कॉलरखाली एक बारीक रेघ असते, आपण ती विकत घ्यावी. म्हणजे २३८ ग्रॅमची काच टाकून २३८ ग्रॅमची दुसरी काच घ्यावी म्हणजे निसर्ग वाचतो. बरं मग माझ्या बाहीवर रीफिल का लिहिलंय विचारल्यावर उत्तर आलं की ते संपूर्ण कलेक्शनबद्दल आहे. सर्वात जवळचं काउंटर विचारलं तर बेंगळूर म्हणाले. ५०० किलोमीटर.

मी पकड घेतली. वाटी हळूहळू सोलत आणली, पाऊण निघाली आणि मग मानेचा टवका उडाला. अशी गेली बाटली. तळाला तीनेक मिली सेंट होता जो नळीला पोचत नव्हता, तो ओट्यावर सांडला आणि तीन दिवस आमच्या आमटीला वाळ्याचा वास येत होता, आई म्हणाली सरबत केलंयस काय.

आता कुणी म्हणेल जगात असंच असतंय, भारी सेंट म्हणजे बंदच बाटली. तर तसं नाही. पॅरिसच्या गेर्लँ कंपनीची मधमाशीच्या नक्षीची बाटली १८५३ ची, नेपोलियन तिसऱ्याच्या राणीसाठी केलेली, ती अजून त्यांच्या दुकानात परत भरून देतात. म्यूग्लेर कंपनीचा एंजल सेंट १९९२ साली आला तेव्हाच चांदणीच्या आकाराची बाटली परत भरायची अशीच काढली, दुकानात कारंजासारखं मशीन ठेवून त्यातनं भरून द्यायचे. चांदणीचा आकार, पाच टोकं, काच ओतायला वैताग, तरी त्यांनी केलं. आजकाल दिओरचा सोवाज पण ३०० मिलीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रीफिलमध्ये मिळतोय. म्हणजे तंत्र सगळं आहे, तीस वर्षांपेक्षा जास्त झाली. फक्त बाटली विकण्यात मजा जास्त आहे.

युरोपवाल्यांनी आता कायदाच केलाय, २०२५ चा, बहुतेक कलमं १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू, आणि २०३० पासून माल मोठा दिसावा म्हणून केलेल्या दुहेरी भिंती, खोटे तळ असलं पॅकिंग चालणार नाही. बाटलीच्या डिझाइनची आधीपासून नोंदणी असेल त्यांना मात्र वाट ठेवलीय, आणि जुन्या सेंटच्या बाटल्या बहुतेक नोंदवलेल्याच, त्यामुळं मी फार आशा धरून बसलेलो नाही.

फुटकी बाटली आणि बॉक्स घेऊन मी अनगोळातल्या आमच्या भंगारवाल्याकडं गेलो. मुद्दाम गेलो, बघायला. बॉक्स हातात घेऊन त्यानं कोपरा फाडला, आत कागद बाहेर प्लास्टिकची चमकी, मधे चुंबक, बाजूला ठेवला. चमकीचा पुठ्ठा कोण घेतंय म्हणाला. फोम नको. काच बघितली, तळाला आतनं काळा रंग मारलेला, मान फुटलेली, तीही नको. मी म्हटलं अहो अकरा हजाराची बाटली. तर तो शांतपणे मागं बोट दाखवून म्हणाला, ती बघा बिअरची पोती, एकेक बाटली धुऊन परत भरून येते, कितीदा येते त्याला गणती नाही, तुमची एकदाच भरली. मला उत्तर सुचलं नाही. अ‍ॅल्युमिनियमची वाटी मात्र त्यानं घेतली, सहा ग्रॅमातली, फुकटात.

सेंटची काच ही भानगड पण समजून घेण्यासारखी आहे. ती एकदम पांढरी पाहिजे, वाळूत लोखंडाचा अंश राहिला की हिरवट झाक येतेय, म्हणून निवडक वाळू, आणि भट्टी १५०० डिग्रीच्या घरात. जुनी काच त्यात घातली की इंधन वाचतंय पण झाक यायची भीती, म्हणून महागडे ब्रँड बिचकतात. थोडी हिरवी दिसली तर काय बिघडतंय मला कळत नाही. आमच्या आजोबांच्या सोड्याच्या गोटीच्या बाटल्या हिरव्याच होत्या की.

आता दीडशे मिली सेंट घरात आणि फवारा मारायला काही नाही. मग खडेबाजारातनं आत गल्लीत एक अत्तराचं दुकान आहे, बोर्ड इतका जुना की नाव वाचता येत नाही, तिथं गेलो. चाचा बसलेले असतात, मराठीत बोललं तर मराठीत, कन्नडमध्ये बोललं तर कन्नडमध्ये, हिशोब मात्र उर्दूत. त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पोळी भाजायला वेल्डिंग सेट घेऊन आलोय. खणातनं ३० मिलीची एक साधी काचेची फवाऱ्याची बाटली काढली, मानेला आटे, वॉशर बघितला, पाण्यानं फवारा मारून बघितला, ६० रुपये. माझ्या रीफिलची तोटी त्यात बरोबर बसली. फ्रान्सची तोटी आणि खडेबाजाराची बाटली, आणि एक थेंब सांडला नाही.

मग तिथं तासभर बसलो. चाचांकडं क्रिंप चेपायची हातातली पकड पण आहे, ज्यांना चकाचक बाटली पाहिजे त्यांना चेपून देतात, पण आधी विचारतात, परत भरायचीय काय? भरायची असेल तर आट्यांची घ्या. हा एक प्रश्न त्या अकरा हजाराच्या कंपनीनं मला कधी विचारला नाही. बाटली धुऊन वाळवून आणली तर फक्त तेलाचे पैसे. तोळ्यावर विकतात, साधारण १२ मिली म्हणजे तोळा. मोठ्या काचेच्या बरण्या, काचेची बुचं, बुचाचा टोकाचा थेंब मनगटावर लावून वास देतात, आणि जाताना कापसाचा फाया कानात. पॅकिंग म्हणाल तर तो फाया.

म्हणून त्यांना डोक्यावर घेऊ नका, तिथं पण गोम आहे. निम्मा खप हा नावाजलेल्या सेंटांच्या वासाची नक्कल, बरणीवर अमुक टाइप म्हणून चिठ्ठी, त्यात काय आहे ते चाचा पण सांगू शकत नाहीत, मुंबईहून कॅन येतात. आणि छोट्या रोल-ऑनची टोपणं सगळी सोनेरी प्लास्टिकची, दोन महिन्यात रंग उडतोय. रीफिलला माणूस आला नाही तर ती पण जाणार नाल्यातच. पण मिट्टीचं अत्तर खरं आहे, कनौजचं. तांब्याच्या देगमध्ये (मोठ्या हंड्यात) भाजलेली माती शिजवून वाफ बांबूच्या नळीतनं भपक्यात (वाफ गोळा करायच्या भांड्यात) घेतात, तिथं चंदनाचं तेल असतंय, त्यात तो वास उतरतोय. मी मनगटावर लावलं आणि खरं सांगतो, जूनमध्ये खानापूरच्या कौलांवर पहिला पाऊस पडल्यावर जो येतो तोच. चाचा सांगत होते, पूर्वी तिथनं माल कुप्पीत यायचा, उंटाच्या कातड्याची, त्यातनं राहिलेलं पाणी हळूहळू बाहेर उडून जायचं आणि अत्तर मुरायचं. म्हणजे बारदान नुसतं बारदान नव्हतं, त्याला काम होतं. मला लगेच ती ४१ ग्रॅमची चकती आठवली.

अर्धा तोळा मिट्टी घेतलं, बायकोला आवडलं, त्यामुळं रीफिलचे आठ हजार नऊशे आता घरात कमी निघतात.

घ्यायचंच असेल कुणाला भारी सेंट, तर दुकानात वास नंतर घ्या. आधी टोपण काढा, कॉलर धरून डावीकडं फिरवायचा प्रयत्न करा, काउंटरवरची मुलगी घाबरेल तरी चालेल, किंवा तिलाच फिरवून दाखवायला सांगा. फिरली तर घ्या, मोठी बाटली एकदा आणि मग फक्त रीफिल. नाही फिरली तर हिरवं पान कितीही छापलेलं असू दे. परवा मेहुण्याचा फोन होता, यंदा काय आणू म्हणून. मी म्हटलं आधी कॉलरखाली बारीक रेघ आहे काय ती बघ आणि व्हिडिओ कॉल कर. तो म्हणाला भावोजी, ड्रायफ्रूट आणतो.

चुंबकाचा बॉक्स आईनं घेतलाय, त्यात तिच्या भिशीच्या चिठ्ठ्या आणि पोस्टाची पासबुकं, झाकण टक्कन बसतंय म्हणून फार खूश. आणि कापलेल्या टोपणातला चकतीचा अर्धा भाग मी शॉपमध्ये नेलाय, टेबलावर मालाच्या चलनांच्या कागदांवर ठेवतो. मे महिन्यात पेडेस्टल फॅन तीनवर असतो, एक कागद हलत नाही.